कोविडमध्ये शिपिबोंनी झाडपाल्यावर माणसं सांभाळली. सरकारी आरोग्यसेवेत त्यांना जागा द्यावी का?

रानवाट

पेरूत अँडीजची रांग उतरून पूर्वेला गेलं की उकायाली नदीचं खोरं लागतं. या नदीच्या काठाकाठाने शिपिबो-कोनिबो आदिवासींची गावं आहेत. प्रांताचं मुख्य शहर पुकाल्पा. त्याला लागूनच यारिनाकोचा नावाचं मोठं तळं आहे आणि तळ्याभोवती शिपिबोंच्या वस्त्या आहेत.

पेरूत कोविडचा पहिला रुग्ण ६ मार्च २०२० ला सापडला आणि दहा दिवसांत देश बंद झाला. पण बंदी कागदावर राहिली, कारण हातावर पोट असलेल्यांना सरकारने जी रोख मदत दिली ती घ्यायला माणसं होड्यांनी शहरात आली, बँकांपुढे रांगेत उभी राहिली आणि परतताना आजार गावी घेऊन गेली. एप्रिल-मेमध्ये पुकाल्पातली रुग्णालयं ओसंडून वाहत होती. खाटा नाहीत, ऑक्सिजन नाही, डॉक्टर स्वतः आजारी. लिमातल्या कांतागायो वस्तीत, जिथे शिपिबो कारागीर राहतात, मे महिन्यातल्या तपासणीत चारातले जवळपास तिघं बाधित निघाले. उकायालीकाठच्या मासिसेआचे शिपिबो महापौर सिल्वियो वालेस त्याच वर्षी कोविडने गेले.

त्याच मे महिन्यात यारिनाकोचातल्या काही शिपिबो तरुण-तरुणींनी 'कोमांदो मातिको' उभं केलं. मातिको हे एक झुडूप (पायपर अडंकम), आपल्या नागवेल, मिरी आणि पिंपळीच्या प्रजातीतलं. पानं लांबट आणि खरखरीत, फुलोरा आकड्यासारखा वाकलेला. पथकाची पद्धत साधी होती. मोठ्या पातेल्यात पाणी उकळायचं, त्यात मातिकोचा पाला, निलगिरी, आलं टाकायचं, रुग्णाला चादरीखाली बसवून वाफारा द्यायचा. सोबत कांदा-आल्याचं चाटण. फोन आला की जायचं, नाही आला तरी घरोघर फिरायचं. त्यात मेरी फसाबी नावाच्या शिक्षिका पुढे होत्या. या झाडांची माहिती आम्हाला होती, पण ती कोविडवर चालतील का हे माहीत नव्हतं, असं त्यांनी बातमीदारांना स्वच्छ सांगितलं होतं. हळूहळू शहरातले बिगर-आदिवासीही त्यांच्याकडे येऊ लागले.

आता माझं म्हणणं. या पथकाला महासाथ सरल्यावर सरकारने पदक-प्रमाणपत्र देऊन घरी पाठवणं पुरेसं नाही. पेरूनेच नव्हे, जिथे जिथे आदिवासी भाग आहे तिथे सरकारी आरोग्यसेवेने अशा माणसांना पगार, जागा आणि निर्णयात वाटा देऊन आत घेतलं पाहिजे. मातिको विषाणू मारतो असा माझा दावा नाही. पण आजारी माणसाला उठवून बसवणं, पाणी पाजणं, त्याच्या भाषेत बोलणं, रोज येऊन बघणं, हे सगळं त्या पातेल्याभोवती घडलं. पाला उकळत नसता तर दार उघडलं नसतं. ज्या व्यवस्थेकडे द्यायला ऑक्सिजनही नव्हता, तिने या माणसांना अशास्त्रीय म्हणून बाहेर ठेवण्याचा हक्क तेव्हाच गमावला.

ऑक्सिजनवरून सांगते. पेरूत २०१० पासूनचा नियम होता की वैद्यकीय ऑक्सिजन किमान ९९ टक्के शुद्ध हवा. जगभर हवेतून वेगळा केलेला ९३ टक्क्यांचा ऑक्सिजन रुग्णांना सर्रास देतात. या नियमामुळे रुग्णालयांच्या आवारात लहान संयंत्रं बसवणं अवघड झालं आणि पुरवठा मोजक्या कंपन्यांच्या हाती गेला. जून २०२० मध्ये, माणसं पटापट मरायला लागल्यावर, सरकारने ९३ टक्के चालेल असं मान्य केलं. म्हणून 'शास्त्रीय व्यवस्था विरुद्ध झाडपाला' अशी मांडणी मला मुळातच खोटी वाटते.

डॉ. मुकुंद

रानवाट, मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दोन्ही लाटा काढल्या आहेत. शिपिबो तरुणांच्या धैर्याबद्दल तुम्ही लिहिलंत त्यातला शब्दही मला खोडायचा नाही. पण तुमची मागणी मान्य झाली तर तिचा पहिला बळी आदिवासीच ठरेल.

कोविड झालेले बहुसंख्य लोक काहीही न करता बरे होतात. त्यात शिपिबोंसारख्या समाजात तरुणांचं प्रमाण जास्त. अशा आजारात तुम्ही शंभर जणांना वाफारा द्या, शंभर जणांना ताक द्या, की शंभर जणांसाठी नवस बोला, बहुतेक जण उठून बसतील आणि जे दिलं त्याला श्रेय मिळेल. हे जगातल्या सगळ्यांचंच होतं, डॉक्टरांचंही. म्हणून तर तुलनेचा गट लागतो.

ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीत २,१०४ रुग्णांना डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं आणि ४,३२१ जणांना दिलं नाही. जून २०२० मध्ये निकाल आला: व्हेंटिलेटरवरच्यांमध्ये मृत्यू एक तृतीयांशाने कमी, नुसत्या ऑक्सिजनवरच्यांमध्ये एक पंचमांशाने कमी, आणि ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा नाही. ही काही रुपयांत मिळणारी जुनी गोळी आहे. उकायालीच्या प्रत्येक गावात तेव्हा ही गोळी, एक ऑक्सिमीटर आणि ती कधी द्यायची हे शिकलेला माणूस हवा होता. तुम्ही त्या माणसाच्या हातात पातेलं देऊन त्याला पगार सुरू करायला सांगता आहात. शहरातल्या पांढरपेशाला स्टेरॉइड आणि ऑक्सिजन, नदीकाठच्या शिपिबोला मातिको, आणि या भेदभावाला 'संस्कृतीचा आदर' असं गोंडस नाव. मला हे मान्य नाही आणि कधी होणार नाही.

आणि वाफाऱ्याने काही बिघडत नाही असं समजू नका. पहिल्या लाटेत आमच्याकडे पातेलं कलंडून मांड्या भाजलेली मुलं आली होती.

तुषार_वि

डॉक्टर, तुलनेच्या गटाबद्दल सांगता तर मे २०२१ मध्ये गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं औषध देण्याची घोषणा केली, त्याचं काय? जागतिक आरोग्य संघटनेने मार्चमध्येच सांगितलं होतं की हे औषध चाचणीखेरीज वापरू नका. पेरूच्या आरोग्य मंत्रालयाने तर मे २०२० पासून ते आपल्या उपचारसूचीत ठेवलं होतं आणि पुढच्या मार्चमध्ये काढलं. आपल्याकडे मार्च २०२० मध्ये हिवतापावरच्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची शिफारस झाली. बरे झालेल्यांच्या रक्तातल्या प्लाझ्मासाठी लोकांनी रात्री-रात्री फोन लावले, उसनवारी केली. अंगावर ॲप्रन असला की पुराव्याशिवाय दिलेलं चालतं, चादरीखालचा वाफारा तेवढा अंधश्रद्धा. हा दुजाभाव शिपिबोंना दिसत नसेल असं वाटतं का तुम्हाला?

डॉ. मुकुंद

तुषार, ती यादी खरी आहे आणि मला तिचा तितकाच राग आहे. पण तिचा शेवटही सांगा. प्लाझ्माची चाचणी आपल्याच देशात ३९ रुग्णालयांत, ४६४ रुग्णांवर झाली. फायदा दिसला नाही आणि मे २०२१ मध्ये ते उपचारसूचीतून गेलं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन गेलं, आयव्हरमेक्टिन गेलं. चुकीचं औषध बाहेर काढायला या व्यवस्थेकडे एक दार आहे. ते उशिरा उघडतं, पण उघडतं. मातिको उपयोगाचा नसेल तर तो कोण, कधी आणि कशाच्या आधारे बंद करणार? ज्याला हे उत्तर देता येत नाही ते सरकारी यादीत येऊ नये, मग ते कुठल्या परंपरेतून आलंय याने फरक पडत नाही.

नीलिमा सातारा

मी असल्या चर्चांत लिहीत नाही, पण आज राहवलं नाही.

दुसऱ्या लाटेत आमच्या काकांना ताप आला. घरात गुळवेल, सुंठ, दालचिनी, तुळस सगळं हजर. सकाळ-संध्याकाळ काढा आणि वाफ. व्हॉट्सॲपवर रोज नवीन कृती येत होती. काका स्वतः म्हणायचे, 'वाफ घेतली की छाती मोकळी होते बघ'. खरंच मोकळं वाटत असेल. शेजारच्यांनी ऑक्सिमीटर आणून बोटाला लावला तेव्हा आकडा ८२ होता आणि काका त्या क्षणीही आमच्याशी नीट बोलत होते. त्यानंतर आम्ही धावलो. उपयोग झाला नाही.

रानवाट, तुम्ही म्हणता पाला उकळत नसता तर दार उघडलं नसतं. आमच्या घरात पाला उकळत होता म्हणून दार बंद राहिलं. बरं वाटणं आणि बरं होणं यात जो वेळ गेला तो परत मिळत नाही. आदिवासींच्या बाबतीत हे वेगळं असेल असं तुम्हाला का वाटतं?

रानवाट

नीलिमाताई, तुमच्या काकांबद्दल वाचून फार वाईट वाटलं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते. वेगळं आहे, कारण तुमच्या काकांसाठी धावायला जागा होती. अपुरी असेल, उशिराची असेल, पण होती. उकायालीच्या वरच्या गावांतून पुकाल्पाला यायला होडीने दिवस जातो, काही गावांतून कित्येक दिवस. आणि आल्यावर? पेरूच्या अ‍ॅमेझॉनमधल्याच इक्वितोस शहरात रुग्णालयात दगावलेल्यांचे देह घरच्यांना न कळवता सामूहिक खड्ड्यांत पुरले गेले. जूनमध्ये ते उघड झालं. घरच्यांना वाटत होतं की माणूस अजून दाखल आहे. ही बातमी नदीने वर गेल्यावर कोण आपल्या म्हाताऱ्या आईला रुग्णालयात नेईल? लोक घरी राहिले यामागे मातिकोवरचा आंधळा विश्वास नव्हता. रुग्णालयाची भीती होती, आणि ती अनाठायी नव्हती.

डॉक्टर, तुमच्या डेक्सामेथासोनबद्दल. जूनमध्ये निकाल लागला. ती गोळी गावात घेऊन कोण गेलं? ज्यांच्यावर गावाचा विश्वास होता आणि जे घरोघर आधीच फिरत होते त्यांच्याच हाती ती द्यायला हवी होती. आत घेणं म्हणजे मला हेच अभिप्रेत आहे.

डॉ. मुकुंद

मग पातेलं कशाला? गोळी द्या, ऑक्सिमीटर द्या, शिकवा.

भामरागडकर

बऱ्याच वेळापासून वाचतोय. मी गडचिरोली जिल्ह्यात आरोग्य खात्याच्या कामात आहे. दुर्गम गावं, माडिया वस्ती. दोघांशीही माझं जमत नाही, म्हणून जरा लांब लिहितो.

डॉक्टरसाहेब, 'पातेलं कशाला' हे तुम्ही टेबलामागून विचारू शकता. कोविडच्या काळात आम्ही एका पाड्यावर गेलो तर निम्मी घरं रिकामी. लोक जंगलात निघून गेलेले. पीपीई किटातली माणसं बघून पोरं रडत होती. गावचा पुजारी तेवढा बसलेला. त्याच्याशी बोलायला आमच्यातल्या एका आशाताईला पाठवलं, तीही माडियाच. ती आधी तासभर त्याच्या अंगणात बसली, त्याने कुठली साल उगाळली, कुणाला दिली हे सगळं ऐकलं. मग तिने ऑक्सिमीटर काढून स्वतःच्या बोटाला लावला, मग त्याच्या. लाल आकडा दिसल्यावर त्याने विचारलं हे काय सांगतं. ती म्हणाली, 'आतला श्वास मोजतं. ९४ च्या खाली गेला की तुझ्या औषधासोबत आमची गाडी पण लागेल.' संध्याकाळपर्यंत तोच तिला घरं दाखवत फिरत होता. तिने त्याची साल थांबवली असती तर तोही जंगलात गेला असता.

आता रानवाटताई, तुमच्याशी भांडण. पुजाऱ्याला पगार देऊन खात्यात घ्या म्हणता. आमच्या खात्याचा अनुभव असा की कागदावर एक माणूस नेमला की ते गाव 'कव्हर' झालं असं धरतात. उद्या पुजारी नेमला गेला की एएनएमचं (उपकेंद्रातल्या नर्सचं) रिकामं पद भरायची निकड संपली. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर येतो, भामरागडचा पूल पाण्याखाली जातो, पलीकडची गावं तुटतात. त्या काळात कोण आहे तिथे, असं वरून विचारलं की उत्तर तयार: 'पारंपरिक वैद्य आहेत.' आदिवासींची तारीफ करून त्यांच्या वाट्याचं काढून घेणं ही जुनी रीत आहे. मी ती रोज बघतो.

आणि सगळंच पारंपरिक निरुपद्रवी नसतं. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाला तापलेल्या लोखंडाचे चटके देतात. भुमकांना, म्हणजे तिथल्या पारंपरिक वैद्यांना, बरोबर घेऊन रुग्ण केंद्रात पाठवायचे प्रयत्न तिथे झाले, थोडं जमलं, थोडं नाही. पण चटक्यांना संस्कृती म्हणून आत घ्या असं तिथल्या बायासुद्धा म्हणणार नाहीत.

आमच्याच जिल्ह्यात तिसरा रस्ता काढलेला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आपल्या 'सर्च' संस्थेतून ३९ गावांत गावातल्याच बायांना आरोग्यदूत केलं. बाळ जन्मल्यावर घरी जायचं, वजन, ताप, श्वास बघायचा, आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर जेंटामायसिनचं इंजेक्शन स्वतः द्यायचं. तेव्हा किती ओरड झाली होती की कमी शिकलेल्या बायांच्या हातात सुई देता म्हणून. तीन वर्षांत नवजात मृत्यूदर हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं, शेजारच्या गावांशी तुलना करून. गावच्या माणसावर विश्वास टाकला, पण त्याच्या हातात दिलं ते उत्तमातलं औषध. पुजाऱ्याची साल त्याच्याकडे राहू द्या. खात्याने तिला हातही लावू नये, ना बंदी घालायला, ना यादीत टाकायला.

स्वप्नजा

भामरागडकर, आशाताईंचा तो प्रसंग वाचून अंगावर काटा आला. एक विचारते: पुजाऱ्याला तुम्ही काहीच देणार नाही, न मानधन न हुद्दा, आणि घरं मात्र तोच दाखवणार? रानवाटचा मुद्दा इथे मला पटतो. खात्याचं अर्धं काम तो फुकट करतोय.

भामरागडकर

स्वप्नजा, घरं दाखवल्याचे पैसे द्या, नक्की द्या. रोजंदारी बुडते त्याची. सालीचे देऊ नका, एवढंच.

मेघना (टोरांटो)

इथे एक बाजू सुटतेय. मी पेटंटच्या कामात आहे म्हणून मला ती आधी दिसते. डॉक्टर म्हणतात तपासा, रानवाट म्हणतात आत घ्या. दोन्हींसाठी आधी लिहून घ्यावं लागतं: कुठलं झुडूप, कुठला भाग, किती, कशासोबत. एकदा लिहिलं की ते कुणाचं राहतं?

शिपिबोंसह अ‍ॅमेझॉनमधले अनेक समाज 'आयाहुआस्का'चा काढा विधींमध्ये वापरतात. १९८६ मध्ये एका अमेरिकन माणसाने त्यातल्या वेलीच्या एका वाणाचं पेटंट स्वतःच्या नावाने घेतलं. आदिवासींच्या महासंघाने आव्हान दिलं, १९९९ मध्ये ते रद्द झालं, २००१ मध्ये पुन्हा बहाल झालं आणि मुदत संपली तेव्हाच सुटका झाली. आपल्या हळदीचं पेटंट १९९७ मध्ये रद्द झालं ते डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने जुने लेखी पुरावे पुढे ठेवल्यामुळे. हळदीला ग्रंथ होते, संस्था होती, वकील होते. तोंडी ज्ञानाला यातलं काहीच नसतं.

पेरूकडे मात्र २००२ चा कायदा आहे, क्रमांक २७८११. आदिवासींचं सामूहिक ज्ञान वापरायचं तर त्यांची आधी संमती घ्यावी लागते, आणि ज्ञानाच्या नोंदवहीचा एक भाग गोपनीय राहतो. जगात असे कायदे फार थोडे आहेत. मे २०२४ मध्ये जिनिव्हात करार झाला की पेटंट मागणाऱ्याने जनुकसंपदा आणि त्यामागचं ज्ञान कुठून आलं ते जाहीर करावं. आपल्याकडे मात्र २०२३ च्या जैवविविधता कायद्यातल्या दुरुस्तीने नोंदणीकृत आयुष वैद्यांना आणि ग्रंथबद्ध ज्ञान वापरणाऱ्यांना लाभवाटपातून, म्हणजे ज्ञान जपणाऱ्यांना नफ्यातला वाटा देण्यातून, सूट दिली. ग्रंथात काय आहे आणि रानातून काय आलं ही रेघ कोण ओढणार? म्हणून मी भामरागडकरांशी सहमत आहे, पण माझं कारण वेगळं. सालीला खात्याने हात लावू नये, कारण खात्याच्या फायलीतून ती कुठे जाईल याची हमी कुणी देत नाही.

डॉ. मुकुंद

मेघना, चोरी होईल म्हणून तपासायचंच नाही, हे मला धोकादायक वाटतं. पेरूचंच उदाहरण घ्या. त्यांच्या राजचिन्हावर सिंकोनाचं झाड आहे. सतराव्या शतकापासून त्याची साल हिवतापावर युरोपात जात होती. पण कुठल्या सालीत किती गुण हे कळत नसे. एक माणूस बरा होई, दुसऱ्याला तीच मात्रा कमी पडे. १८२० मध्ये पेलेतिए आणि कावंतू यांनी सालीतून क्विनाईन वेगळं केलं आणि मात्रा ठरवता आली. चीनमध्ये तू योयो यांनी जुन्या ग्रंथातली ओळ धरून दवण्याच्या जातीच्या वनस्पतीतून आर्टेमिसिनिन काढलं. त्याने हिवतापाचे लाखो रुग्ण वाचले आणि २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. परंपरेचा सर्वात मोठा आदर म्हणजे तिला चाचणीला बसवणं. नाहीतर २०२० मध्ये मादागास्करच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याच वनस्पतीचं पेय कोविडचं औषध म्हणून शाळकरी पोरांना वाटलं, तसं होतं.

गुळवेलीचंही तेच. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की वेल नीट ओळखली होती का, दुसरी जात तर नव्हती ना. आक्षेप गंभीर आहे, पण त्याचा निवाडा तपासूनच होणार.

मेघना (टोरांटो)

डॉक्टर, सिंकोनाची गोष्ट पुरती सांगा. चांगल्या सालीचं बियाणं बोलिव्हियाच्या जंगलातून मानुएल इंक्रा मामानी नावाच्या आयमारा माणसाने जमवलं. कुठल्या झाडाची साल उत्तम हे त्याला डोळ्यांनी कळत होतं. त्याचा मालक चार्ल्स लेजर याने ते १८६५ मध्ये बाहेर पाठवलं. डचांनी ते विकत घेऊन जावात मळे लावले आणि जगाचं बहुतेक क्विनाईन पुढे तिथून येऊ लागलं. मामानीला बी चोरल्याबद्दल तुरुंगात टाकलं, मारहाण केली, त्यातच तो मेला. ब्रिटिशांनी १८६० नंतर निलगिरीत सिंकोना लावला तोही मार्कहॅम या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या मोहिमेने अँडीजमधूनच आणलेला. तपासण्याला माझा विरोध नाही. तपासण्याआधी करार हवा, आणि नकार देण्याचा हक्क हवा. कानी आदिवासींचं बघा. केरळच्या जंगलात १९८७ मध्ये त्यांनी शास्त्रज्ञांना आरोग्यपच्चा हे झुडूप दाखवलं, त्यातून 'जीवनी' हे औषध आलं, परवान्याच्या रकमेतला आणि स्वामित्वशुल्कातला अर्धा वाटा त्यांच्या विश्वस्त संस्थेला ठरला. तेही सरळ चाललं नाही. कानींच्याच एका गटाने विचारलं की आमची संमती घेतली कुणी. पण निदान वाटा ठरला.

रानवाट

मेघना, तुमचा आणि भामरागडकरांचा इशारा मी मनावर घेते, पण निष्कर्ष घेत नाही. सालीला हात लावू नका, रस्ता दाखवायचे पैसे द्या, यात पुजारी कायमचा वाटाड्या राहतो. पुकाल्पात कोमांदो मातिकोने नुसता रस्ता दाखवला नाही. कुणाला कधी काय द्यायचं, कुणाजवळ रात्र काढायची हे त्यांनी ठरवलं. तो निर्णयाचा अधिकार मला हवा आहे. आपत्कालीन समितीत डॉक्टर, तहसीलदार, पोलीस बसतात. तिथे त्यांच्यासाठी खुर्ची हवी. पाल्याची कृती त्यांनी सांगावी की सांगू नये हे त्या खुर्चीवरून त्यांनीच ठरवावं.

मे २०२० मध्ये पेरू सरकारने आदिवासींच्या संरक्षणासाठी वेगळा वटहुकूम काढला होता. तोवर साथ नदीने वर पोचलेली होती. आदिवासी किती मेले याची वेगळी मोजदाद सुरुवातीला नव्हतीच. ती खुर्ची तेव्हा असती तर किमान मोजायला तरी कुणी लावलं असतं.

नीलिमा सातारा

खुर्ची द्या. पण त्या खुर्चीवरच्या माणसाने लस नको म्हटलं तर? अ‍ॅमेझॉनमधल्या गावांत लसीकरण बाकी देशाच्या बरंच मागे राहिलं, हे मी वाचलंय. 'आमच्याकडे आमची झाडं आहेत' हेही लोक म्हणाले. मला उत्तर हवंय, माझ्याकडे नाही.

भामरागडकर

नीलिमाताई, आमच्याकडेही म्हणाले. ज्या गावात आशाताई आधीपासून जात होती तिथे उशिरा का होईना घेतली. जिथे पहिल्यांदाच पथक गेलं ते लस घेऊनच, तिथे अजून नाव काढू देत नाहीत. खुर्ची असो-नसो, साथ यायच्या आधी किती वेळा गेला होतात, यावर ते ठरतं.

डॉक्टरसाहेब, तुम्हाला एक विचारायचं आहे. पुढच्या वेळी पलीकडच्या गावांसाठी मी काय मागू? पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्र) सौर पॅनेलवर चालेल का?

डॉ. मुकुंद

चालेल. तीनशे-साडेतीनशे वॅट लागतात, रात्रीसाठी बॅटरी मोठी घ्या. मध्यम आजाराचा एक माणूस त्यावर निभावतो. गंभीर झाला तर पुरणार नाही, तेव्हा पूर असला तरी होडीची सोय आधी करून ठेवा. डेक्सामेथासोन ठेवा, पण ऑक्सिजन लागत असेल त्यालाच, मधुमेहींमध्ये साखर बघून. ऑक्सिमीटर दोन घ्या, एक बिघडतो. आणि माडिया बोलणारी ती आशाताई, तिला वॉर्डात रुग्णाशेजारी बसायची लेखी परवानगी आत्ताच काढून ठेवा. साथ सुरू झाली की ती कुणी देत नाही.

पुजाऱ्याच्या सालीबद्दल माझं मत आहे तेच आहे. फक्त वाफारा देत असेल तर पातेलं जमिनीवर ठेवायला सांगा, आणि मुलांना लांब.